बेसबॉल मालिकेचे सांख्यिकीय पूर्वावलोकन

बेसबॉल मालिकेचे सांख्यिकीय पूर्वावलोकन म्हणजे दोन संघांमधील आगामी मालिका सुरू होण्यापूर्वी उपलब्ध आकडेवारीच्या आधारे त्यांच्या बलाबलाची केलेली तुलना आणि निकालाच्या शक्यतांचा बांधलेला अंदाज होय. अमेरिकेत ही परंपरा मुख्यतः खेळाच्या चाहत्यांनी वाढविली. वृत्तपत्रांतील धावफलक कापून वहीत चिकटविणाऱ्या वाचकापासून संगणकावर हजारो सामन्यांची नोंद तपासणाऱ्या अभ्यासकापर्यंत अनेकांनी तिला हातभार लावला आहे. बेसबॉलच्या आकडेवारीच्या शास्त्रशुद्ध अभ्यासास 'सेबरमेट्रिक्स' असे म्हणतात आणि मालिकेचे पूर्वावलोकन हे त्याचे सर्वसामान्य चाहत्यास सर्वांत जवळचे उपयोजन आहे. असे पूर्वावलोकन म्हणजे भविष्यकथन नव्हे. कोणता संघ किती सरस आहे आणि निकालाचा किती भाग योगायोगावर सोपविलेला आहे, या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगणे हा त्याचा हेतू असतो.

खेळ आणि मालिका

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे नऊ खेळाडू मैदानावर असतात आणि सामना सामान्यतः नऊ इनिंग्जचा असतो. चेंडू टाकणाऱ्यास पिचर आणि तो टोलविणाऱ्यास बॅटर म्हणतात. चार कोपऱ्यांवरील चार बेस क्रमाने ओलांडून मूळ ठिकाणी, म्हणजे होम प्लेटवर, परतलेल्या खेळाडूच्या नावे एक धाव लागते. तीन खेळाडू बाद झाले की संघाची पाळी संपते. त्यामुळे प्रत्येक संघाजवळ संपूर्ण सामन्यासाठी साधारणपणे सत्तावीस 'बाद' एवढीच शिल्लक असते. बाद न होता बेसवर पोहोचणे इतके मोलाचे का, याचे उत्तर या मर्यादेत आहे.

अमेरिका आणि कॅनडा येथील मेजर लीग बेसबॉल या स्पर्धेत ३० संघ आहेत. त्यांची अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन गटांत प्रत्येकी १५ याप्रमाणे विभागणी केलेली आहे. नियमित हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. प्रवास वाचावा म्हणून हे सामने एकेक करून न खेळविता एकाच मैदानावर सलग दिवशी, बहुधा तीन सामन्यांच्या मालिकेत खेळविले जातात. दोन किंवा चार सामन्यांच्या मालिकाही असतात. हंगामाच्या अखेरीस बाद फेरी होते. २०२२ पासूनच्या रचनेनुसार तिच्यातील पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाच सामन्यांची आणि त्यापुढील दोन फेऱ्या सात सामन्यांच्या असतात. अंतिम फेरीस वर्ल्ड सिरीज म्हणतात. निम्म्याहून अधिक सामने जिंकणारा संघ मालिका जिंकतो, आणि विजय निश्चित होताच उर्वरित सामने खेळविले जात नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बेसबॉलच्या आकडेवारीचे मूळ काही अंशी क्रिकेटमध्ये आहे. हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) यांचा जन्म इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. लहानपणीच ते अमेरिकेस गेले आणि न्यू यॉर्कमधील वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तांत लिहू लागले. पुढे बेसबॉलकडे वळल्यावर त्यांनी क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा धावफलक विकसित करून रूढ केला. बॅटरने किती पाळ्यांत किती यशस्वी फटके मारले, हे सांगणारी फलंदाजीची सरासरीही त्यांच्या प्रभावाने लोकप्रिय झाली. चार चुकीचे चेंडू पडल्यामुळे बॅटरला मिळणारा पहिला बेस, म्हणजे 'वॉक', ही त्यांच्या दृष्टीने बॅटरची कामगिरी नव्हती, तर पिचरची चूक होती. ही समजूत पुढे शंभर वर्षे टिकली आणि वॉक मिळविण्याचे कौशल्य दुर्लक्षित राहिले.

१९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाचे महाव्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी ॲलन रॉथ यांची संघाचे पूर्ण वेळचे संख्याशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. प्रत्येक खेळाडू डावखुऱ्या आणि उजव्या पिचरविरुद्ध कसा खेळतो, यांसारख्या बाबींची पद्धतशीर नोंद रॉथ ठेवीत. १९५४ मध्ये 'लाइफ' या नियतकालिकातील लेखात रिकी यांनी रॉथ यांच्या साहाय्याने तयार केलेले एक सूत्र मांडले. त्यात फलंदाजीच्या सरासरीपेक्षा बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणास अधिक महत्त्व दिलेले होते. बेसबॉलच्या धुरिणांनी मात्र त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९७१ मध्ये कूपर्सटाउन येथे बॉब डेव्हिड्स यांच्या पुढाकाराने सोळा जणांनी एकत्र येऊन अमेरिकन बेसबॉल संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'सेबर' हे संक्षिप्त नाव तयार झाले आणि त्यावरून बिल जेम्स यांनी 'सेबरमेट्रिक्स' हा शब्द घडविला. कॅन्सस राज्यातील जेम्स हे एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. पाळीतील मोकळ्या वेळात ते धावफलकांचा अभ्यास करीत. १९७७ मध्ये त्यांनी 'बेसबॉल ॲब्स्ट्रॅक्ट' ही पुस्तिका स्वखर्चाने काढली. पहिल्या वर्षी तिच्या शंभर प्रतीही विकल्या गेल्या नाहीत. पुढील दशकात मात्र तिच्या वार्षिक आवृत्त्या मोठ्या प्रमाणावर वाचल्या जाऊ लागल्या. २००२ च्या अखेरीस बोस्टन रेड सॉक्स संघाने जेम्स यांना सल्लागार म्हणून घेतले. १९१८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज न जिंकलेल्या या संघाने २००४ मध्ये ती जिंकली.

अभ्यासकांपुढील मोठी अडचण माहितीच्या उपलब्धतेची होती. सामन्यातील प्रत्येक घटनेची सविस्तर नोंद सर्वसामान्यांस मिळत नसे. म्हणून १९८४ च्या सुमारास जेम्स यांच्या आवाहनावरून 'प्रोजेक्ट स्कोअरशीट' हा उपक्रम सुरू झाला. देशभरातील स्वयंसेवक सामने पाहून किंवा ऐकून नोंदी करीत आणि त्या एकत्र केल्या जात. १९८९ मध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी 'रेट्रोशीट' ही संस्था सुरू केली. जुनी वृत्तपत्रे, संघांच्या नोंदवह्या आणि पत्रकारांची टिपणे यांवरून पूर्वीच्या सामन्यांची घटनावार माहिती तयार करून ती सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून देणे हे तिचे कार्य आहे. घरबसल्या पूर्वावलोकन लिहिणाऱ्या चाहत्याजवळ आज जी सामग्री असते, तिचा मोठा भाग अशा विनावेतन श्रमांतून उभा राहिलेला आहे.

पूर्वावलोकनातील प्रमुख आकडे

संघाचे बळ

संघाचे बळ मोजण्याचे सर्वांत सोपे माप म्हणजे त्याच्या विजयांचे प्रमाण. तथापि ते फसवे ठरू शकते. एका धावेने जिंकलेला सामना आणि दहा धावांनी जिंकलेला सामना हे दोन्ही त्यात सारखेच मोजले जातात. अटीतटीच्या सामन्यांचे निकाल बऱ्याच अंशी योगायोगावर अवलंबून असतात. म्हणून जेम्स यांनी काढलेल्या धावा आणि दिलेल्या धावा यांवरून अपेक्षित विजयांचे प्रमाण काढण्याचे सूत्र मांडले. काढलेल्या धावांच्या वर्गास काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले असता हे प्रमाण मिळते. त्याच्या रूपावरून त्यास 'पायथागोरसचे सूत्र' असे गमतीदार नाव पडले. एखाद्या संघाचे प्रत्यक्ष विजय या अपेक्षेपेक्षा बरेच अधिक असतील, तर पुढील काळात त्याची घसरण होण्याची शक्यता अधिक असते.

फलंदाजी

यशस्वी फटक्यांना अधिकृत पाळ्यांच्या संख्येने भागले असता फलंदाजीची सरासरी मिळते. ०.३०० ची सरासरी उत्तम समजली जाते. या सरासरीत वॉकची गणना होत नाही. हा दोष बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणाने दूर होतो. समजा, एका बॅटरने ५०० अधिकृत पाळ्यांत १५० यशस्वी फटके मारले आणि त्यास २० वॉक मिळाले. दुसऱ्याने तेवढ्याच पाळ्यांत १३० फटके मारले, परंतु त्यास ९० वॉक मिळाले. सरासरी पाहता पहिला (०.३००) दुसऱ्यापेक्षा (०.२६०) बराच सरस दिसतो. वॉक जमेस धरल्यास मात्र पहिला ५२० पैकी १७० वेळा (०.३२७) आणि दुसरा ५९० पैकी २२० वेळा (०.३७३) बेसवर पोहोचला, असे आढळते. संघाच्या 'बाद' होण्याच्या मर्यादित शिलकीचा दुसऱ्याने अधिक काटकसरीने उपयोग केलेला आहे.

फटका किती बेसांचा होता हे सांगणारे प्रमाण निराळे असते. ते आणि बेसवर पोहोचण्याचे प्रमाण यांच्या बेरजेस ओपीएस म्हणतात. जॉन थॉर्न आणि पीट पामर यांच्या १९८४ मधील 'द हिडन गेम ऑफ बेसबॉल' या ग्रंथाने असे आकडे वाचकांत रुजविले.

पिचिंग

पिचरने नऊ इनिंग्जमागे सरासरी किती धावा दिल्या, हे ईआरए या आकड्यावरून समजते. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा त्यात धरीत नाहीत. १८० इनिंग्जमध्ये ६० धावा दिल्या असल्यास ईआरए ३.०० येतो. हा आकडाही पूर्णपणे पिचरच्या हातात नसतो. २००१ मध्ये व्होरोस मॅकक्रॅकन या चाहत्याने असे दाखवून दिले की, मैदानात टोलविलेल्या चेंडूंपैकी किती यशस्वी ठरतात, यावर पिचरचे नियंत्रण समजले जाते त्यापेक्षा पुष्कळच कमी असते. तो भाग क्षेत्ररक्षणावर आणि योगायोगावर अवलंबून असतो. अलीकडच्या दशकांत असे चेंडू यशस्वी ठरण्याचे प्रमाण सर्व संघांचे मिळून ०.३०० च्या आसपास राहिले आहे. म्हणून एखाद्या पिचरच्या बाबतीत ते ०.२४० असेल, तर त्याचा ईआरए पुढे वाढण्याची अपेक्षा धरावी लागते. यावरूनच केवळ स्ट्राइकआउट, वॉक, अंगावर टाकलेले चेंडू आणि होम रन यांवर आधारलेला एफआयपी हा आकडा तयार झाला.

मालिकेच्या पूर्वावलोकनात पिचिंगला विशेष स्थान असते, कारण सुरुवातीचा पिचर दररोज खेळू शकत नाही. नियमित हंगामात प्रत्येक संघ बहुधा पाच पिचर आळीपाळीने वापरतो. म्हणजे तीन सामन्यांच्या मालिकेत संघाच्या सर्वोत्तम पिचरची पाळी येईलच असे नाही. त्यामुळे पूर्वावलोकनाचा पहिला प्रश्न 'संघ कोणते' हा असला, तरी दुसरा 'तीन दिवशी सुरुवात कोण करणार' हा असतो. त्यांच्या जागी नंतर येणाऱ्या राखीव पिचरांनी, म्हणजे बुलपेनने, मागील दोन-तीन दिवसांत किती चेंडू टाकले आहेत, हेही पाहिले जाते.

मैदान आणि हात

क्रिकेटप्रमाणे बेसबॉलमध्येही मैदानांच्या सीमा एकसारख्या नसतात. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या बाजूस ३७ फूट उंचीची भिंत आहे. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर असून विरळ हवेमुळे तेथे चेंडू दूर जातो आणि धावा अधिक होतात. म्हणून निरनिराळ्या मैदानांवरील आकड्यांची तुलना करण्यापूर्वी 'मैदान गुणांक' लावून ते समपातळीवर आणले जातात. तसेच बॅटर बहुधा विरुद्ध हाताच्या पिचरविरुद्ध अधिक यशस्वी ठरतात. संघात डावखुरे बॅटर अधिक असतील आणि मालिकेत डावखुऱ्या पिचरांशी गाठ असेल, तर त्या संघाची बाजू किंचित दुबळी धरली जाते. यजमान संघ दीर्घ काळाच्या हिशेबाने सुमारे ५४ टक्के सामने जिंकतो. तेवढा लाभही जमेस धरावा लागतो.

संभाव्यतेचे गणित

दोन्ही संघांचे बळ ठरल्यावर त्यांच्यातील एका सामन्याची शक्यता काढण्यासाठी जेम्स यांचे 'लॉग फाइव्ह' हे सूत्र वापरले जाते. पहिल्या संघाचे विजयप्रमाण आणि दुसऱ्याचे पराभवप्रमाण यांचा गुणाकार काढावा. तसाच दुसऱ्याचे विजयप्रमाण आणि पहिल्याचे पराभवप्रमाण यांचा गुणाकार काढावा. पहिल्या गुणाकारास दोहोंच्या बेरजेने भागले की पहिल्या संघाच्या विजयाची शक्यता मिळते. उदाहरणार्थ, ०.६०० आणि ०.४५० विजयप्रमाण असलेल्या संघांत पहिल्याची शक्यता ०.३३० भागिले ०.५१०, म्हणजे सुमारे ६५ टक्के येते.

एका सामन्याच्या शक्यतेवरून मालिकेची शक्यता काढता येते. समजा, प्रत्येक सामना जिंकण्याची एका संघाची शक्यता ५५ टक्के आहे. तर तीन सामन्यांची मालिका तो सुमारे ५७ टक्के, पाच सामन्यांची ५९ टक्के आणि सात सामन्यांची ६१ टक्के वेळा जिंकेल. सामने वाढले की सरस संघाचा लाभ वाढतो, परंतु तो फार सावकाश वाढतो. सात सामन्यांनंतरही दुबळा संघ दहांपैकी जवळजवळ चार वेळा जिंकतो. हंगाम १६२ सामन्यांचा का असतो आणि बाद फेरीत धक्कादायक निकाल वारंवार का लागतात, हे या हिशेबावरून कळते.

उदाहरण : ओकलंड विरुद्ध मिनेसोटा, २००२

२००२ मधील अमेरिकन लीगची पाच सामन्यांची फेरी हे या पद्धतीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दाखविणारे उदाहरण आहे. ओकलंड ॲथलेटिक्स संघाने त्या हंगामात सलग २० सामने जिंकून एकूण १०३ विजय मिळविले होते. सुमारे ४ कोटी डॉलर वेतनखर्चात त्याने न्यू यॉर्क यँकीज या सुमारे साडेबारा कोटी डॉलर खर्च करणाऱ्या संघाइतकेच विजय मिळविले. बेसवर पोहोचण्याचे प्रमाण चांगले असलेले, परंतु इतरांनी कमी लेखलेले खेळाडू निवडण्याचे बिली बीन यांचे धोरण त्यामागे होते. मायकेल लुईस यांच्या 'मनीबॉल' (२००३) या पुस्तकाचा आणि त्यावरील २०११ च्या चित्रपटाचा हाच विषय आहे. प्रतिस्पर्धी मिनेसोटा ट्विन्स संघाचे ९४ विजय होते.

ओकलंडने हंगामात ८०० धावा काढल्या आणि ६५४ दिल्या. मिनेसोटाने ७६८ काढल्या आणि ७१२ दिल्या. पायथागोरसच्या सूत्राने ओकलंडचे अपेक्षित विजयप्रमाण ०.५९९, म्हणजे सुमारे ९७ विजय, आणि मिनेसोटाचे ०.५३८, म्हणजे सुमारे ८७ विजय येते. दोन्ही संघांनी अपेक्षेपेक्षा अधिक सामने जिंकलेले होते. लॉग फाइव्ह सूत्राने एका सामन्यात ओकलंडची शक्यता सुमारे ५६ टक्के आणि पाच सामन्यांच्या मालिकेत सुमारे ६१ ते ६२ टक्के येते. पाचव्या सामन्याची वेळ आल्यास तोही ओकलंडच्या मैदानावर होणार होता. शिवाय टिम हडसन, मार्क मल्डर आणि त्या वर्षी २३ सामने जिंकून साय यंग पुरस्कार मिळविणारा बॅरी झिटो असे तीन उत्तम पिचर ओकलंडकडे होते. या बाबी धरता ओकलंडची शक्यता आणखी थोडी वाढते.

प्रत्यक्षात मिनेसोटाने मालिका ३–२ अशी जिंकली. पहिला सामना मिनेसोटाने ७–५ असा घेतला. ओकलंडने पुढील दोन ९–१ आणि ६–३ असे जिंकले. चौथा मिनेसोटाने ११–२ असा आणि निर्णायक पाचवा ५–४ असा जिंकला. पाचव्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये मिनेसोटाने ए. जे. पिअरझिन्स्कीच्या होम रनसह तीन धावा काढल्या. त्याच इनिंगमध्ये ओकलंडच्या मार्क एलिसने तीन धावांचा होम रन मारला, पण एक धाव कमी पडली. पाच सामन्यांत मिनेसोटाच्या २७ आणि ओकलंडच्या २६ धावा झाल्या.

हा निकाल आकड्यांचा पराभव होता काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. ६२ टक्के शक्यता सांगणारे पूर्वावलोकन ३८ टक्के शक्यता प्रतिस्पर्ध्यासही देत असते. एवढ्या शक्यतेची घटना घडणे यात विस्मयकारक काहीच नाही. आपली पद्धत बाद फेरीत लागू पडत नाही, अशा आशयाचे उद्गार स्वतः बीन यांनीच काढल्याचे प्रसिद्ध आहे. हंगामभर थोडा थोडा लाभ साठवीत जाणारी पद्धत पाच सामन्यांत तो वसूल करू शकेलच, याची हमी नसते, असा त्यांचा अर्थ लावला जातो.

नमुन्याचा आकार आणि सामान्य चुका

पूर्वावलोकनातील बहुतेक चुका थोड्या नोंदींवरून मोठा निष्कर्ष काढल्याने होतात. एखाद्या बॅटरने एका पिचरविरुद्ध २० पाळ्यांत ८ यशस्वी फटके मारले असतील, तर तो त्या पिचरचा 'कर्दनकाळ' आहे, असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक ०.२७० सरासरीच्या बॅटरच्या बाबतीत २० पाळ्यांतील सरासरी केवळ योगायोगाने सुमारे ०.१०० इतकी खालीवर होऊ शकते. ०.१७० आणि ०.३७० या दोन्ही कामगिऱ्या त्याच बॅटरच्या असू शकतात. पाळ्या ५०० झाल्या की हाच फरक ०.०२० पर्यंत खाली येतो.

'संघ सध्या जोरात आहे' हे विधानही तपासून घ्यावे लागते. अगदी सामान्य, म्हणजे निम्मे सामने जिंकणारा संघदेखील कोणत्याही दहा सामन्यांत सात किंवा अधिक विजय मिळविण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. ३० संघांच्या स्पर्धेत कोणत्याही आठवड्यात असे काही संघ 'जोरात' दिसणारच. याउलट, दुखापत, खेळाडूंची अदलाबदल, पिचरच्या चेंडूचा घटलेला वेग यांसारखे अलीकडचे बदल खरोखर महत्त्वाचे असतात, कारण ते योगायोगाने घडत नाहीत. २०१५ पासून सर्व मेजर लीग मैदानांवर बसविलेल्या 'स्टॅटकास्ट' या यंत्रणेमुळे चेंडूचा वेग, त्याचे फिरणे आणि टोलविल्यानंतरची त्याची गती व कोन मोजले जातात. या मोजमापांतून खेळाडूतील खरा बदल तुलनेने लवकर ओळखता येतो.

टीका आणि मर्यादा

सांख्यिकीय पूर्वावलोकनावरील पहिला आक्षेप असा की, प्रत्यक्ष निकाल त्यास वारंवार खोटे ठरवितात. १९०६ मध्ये शिकागो कब्ज संघाने ११६ सामने जिंकले आणि केवळ ३६ गमावले. त्याच शहराच्या व्हाइट सॉक्स संघाची फलंदाजीची सरासरी ०.२३० असून ती अमेरिकन लीगमध्ये सर्वांत कमी होती. तरीही वर्ल्ड सिरीज व्हाइट सॉक्सने ४–२ अशी जिंकली. १९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यू यॉर्क यँकीजने ५५ आणि पिट्सबर्ग पायरेट्सने २७ धावा काढल्या. यँकीजने आपले तीन सामने १६–३, १०–० आणि १२–० असे जिंकले. पिट्सबर्गने मात्र चार सामने थोड्या फरकाने जिंकले. त्यांपैकी शेवटचा १०–९ असा होता आणि तो बिल माझेरोस्कीच्या नवव्या इनिंगमधील होम रनने निकालात निघाला. एकूण धावांवरून यँकीजचे 'अपेक्षित' विजयप्रमाण सुमारे ८१ टक्के येते. मालिका मात्र सामने मोजून ठरते, धावा मोजून नव्हे.

दुसरा आक्षेप आकड्यांच्या यांत्रिक वापराविषयी आहे. २०२० च्या वर्ल्ड सिरीजमधील सहाव्या सामन्यात टँपा बे रेज संघ १–० असा पुढे असताना त्याचा पिचर ब्लेक स्नेल यास सहाव्या इनिंगमध्ये मैदानाबाहेर घेण्यात आले. त्याने केवळ ७३ चेंडू टाकले होते, दोनच फटके दिले होते आणि नऊ जणांस स्ट्राइकआउट केले होते. बॅटर एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाताना अधिक यशस्वी ठरतात, या सर्वसाधारण निष्कर्षाशी तो निर्णय सुसंगत होता. स्नेलच्या जागी दुसरा पिचर येताच लॉस एंजेलिस डॉजर्सने आघाडी घेतली आणि ३–१ असा विजय मिळवून वर्ल्ड सिरीजही जिंकली. सर्वसाधारण सरासरी आणि समोर दिसणारा विशिष्ट दिवस यांत कोणास किती वजन द्यावे, यावर तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादाचा निकाल एका सामन्याच्या निष्पत्तीवरून लागू शकत नाही. योग्य निर्णयाचा परिणाम वाईट आणि अयोग्य निर्णयाचा परिणाम चांगला होणे, दोन्ही शक्य असते.

तिसरी मर्यादा माहितीच्या स्वरूपातच आहे. हंगामाचे आकडे त्या संघाच्या मागील स्वरूपाचे असतात. बाद फेरीत संघ आपल्या दुय्यम पिचरांना क्वचितच वापरतात, त्यामुळे १६२ सामन्यांची सरासरी तेथे जशीच्या तशी लागू होत नाही. खेळाडूंचे लपविलेले दुखणे आणि घरगुती चिंता तर कोणत्याही रकान्यात येत नाहीत.

पूर्वावलोकनाचे मूल्यमापन

एका मालिकेच्या निकालावरून पूर्वावलोकन बरोबर की चूक, हे ठरविता येत नाही. त्यासाठी एकाच लेखकाचे अनेक अंदाज एकत्र तपासावे लागतात. ज्या शंभर मालिकांत त्याने एका संघास ६० टक्के शक्यता दिली असेल, त्यांपैकी साठच्या आसपास मालिका त्या संघांनी जिंकल्या असतील, तर अंदाज नेमके समजावेत. त्याच शंभरपैकी पंचाण्णव मालिका त्या संघांनी जिंकल्या, तरीही अंदाजात दोष असतो, कारण लेखकाने सरस संघास पुरेसे श्रेय दिलेले नसते. हवामानखात्याच्या पावसाच्या अंदाजाची परीक्षाही याच रीतीने केली जाते.

म्हणूनच चांगल्या पूर्वावलोकनात 'अमुक संघ जिंकेल' असे निर्वाणीचे विधान सहसा नसते. शक्यता किती, ती कोणत्या आकड्यांवर आधारलेली आहे आणि कोणत्या गोष्टीमुळे ती उलटू शकेल, हे त्यात सांगितलेले असते. असे लेखन वाचणाऱ्या चाहत्यास निकाल आधी कळत नाही. परंतु मालिका संपल्यावर कोणत्या खेळाडूने खरोखर अपेक्षेपलीकडचे काही केले आणि कोणता संघ केवळ नशिबाच्या जोरावर तरला, हे ओळखण्यास लागणारे माप त्याच्या हाती आलेले असते.